रेडिओ गातो, हलगी बोलते

माळीवाड्याच्या स्टँडवरून सावेडीला निघालेली रिक्षा. संध्याकाळची वेळ, भारताचा सामना ऐन रंगात आणि रिक्षावाल्याच्या पुढ्यात एक जुना सेट. "स्कोर लागतोय का बघा," मी म्हटलं. त्यानं बटण दाबलं. गाणं. पुन्हा दाबलं. सराफाची जाहिरात, मग गाणं. तिसऱ्यांदा दाबलं तर मघाशी पहिल्या ठिकाणी संपत आलेलं गाणं इथं नुकतंच सुरू होत होतं. "दम धरा, मधी सांगत्यात ते," तो म्हणाला. आणि खरंच, दिल्ली दरवाज्याच्या अलीकडे एका निवेदिकेनं दोन गाण्यांच्या फटीतून धावा, बळी आणि षटकं एका श्वासात सांगून टाकली आणि दुसऱ्या श्वासाला ती लग्नाच्या शालूंकडे वळली.

नगर कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे. रिक्षात आणि बाजारात अजून नगरच चालतं, म्हणून इथंही तेच ठेवतो. २०११ च्या जनगणनेत या शहरात साडेतीन लाख माणसं होती. म्हणजे पुण्यासारखं महानगर नव्हे, पण रेडिओच्या धंद्याला अगदीच किरकोळ बाजारही नव्हे. आकाशवाणीचं केंद्र १००.१ वर आहे. खासगीत रेडिओ सिटी ९१.१ वर, शिवाय माय एफएम आणि धमाल ही नावं या शहरानं गेल्या वीसेक वर्षांत ऐकली. स्नेहालय संस्थेचं 'रेडिओ नगर' हे सामुदायिक केंद्र ९०.४ वर. एवढ्या शहराला एवढे आवाज पुष्कळ झाले. त्यात जिल्हा खेळवेडा. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणेचं मूळ संगमनेर तालुक्यातलं आणि तालमी तर गावोगाव. तरीही यांतलं एकही स्टेशन खेळाचं नाही. खेळाच्या स्टेशनांची स्पर्धा वगैरे फार लांबची गोष्ट झाली.

अमेरिकेत असल्या मध्यम शहरात काय होतं ते आधी पाहू, म्हणजे आपल्याकडे काय होत नाही ते कळेल. १ जुलै १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएफएएन हे स्टेशन चोवीस तास फक्त खेळासाठी सुरू झालं. आता चोवीस तास काही सामने चालत नाहीत. मग ते बोलतात काय? ते भांडतात. काल प्रशिक्षकानं गोलंदाज का बदलला नाही, पंचाला डोळे आहेत का, मालकानं अमुक खेळाडूवर एवढे पैसे का उधळले, यावर लोक फोन करून तावातावानं बोलतात आणि स्टुडिओतला माणूस त्या आगीत तेल घालतो. थेट सामन्याचे हक्क विकत घ्यायला पैसे पडतात, भांडणाला नाही. तिकडे गाणी एफएमवर गेली तशी जुन्या मध्यम लहरींवरची स्टेशनं ओस पडली. त्या खरखरीत गाणं कुणी ऐकेना, पण बोलणं चालून जातं. अशा रिकाम्या जागा खेळाच्या गप्पांनी भरल्या. आज तिकडे मध्यम आकाराच्या शहरातही दोन-तीन खेळ-स्टेशनं एकाच श्रोत्याच्या मागे लागलेली असतात, एकमेकांचे निवेदक फोडतात, स्थानिक कॉलेजच्या संघाचे हक्क पळवतात.

नगरमध्येही कट्ट्यावर हेच भांडण होतं, फक्त फुकट. ते हवेत का जात नाही, याचं एक उत्तर १९५२ साली पीटर स्टायनर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं देऊन ठेवलं आहे. त्याच्या निबंधात नगर अर्थातच नाही. पण आकडे आपण आपले घालू शकतो.

समजा, एका संध्याकाळी शहरात रेडिओ ऐकणारे हजार जण आहेत. त्यातल्या आठशेंना सिनेमाची गाणी हवीत, एकशेवीस जणांना भक्तिगीतं आणि लोकगीतं, ऐंशी जणांना खेळ. आणि प्रत्येक जण आपल्या आवडीचं नसेल तर सेट बंद करतो. पहिलं स्टेशन आलं, ते काय लावेल? गाणी, आठशे श्रोते. दुसरं आलं. गाणी लावली तर आठशेंतले अर्धे, म्हणजे चारशे. भक्तिगीतं लावली तर एकशेवीस. म्हणजे गाणीच. तिसऱ्याला गाण्यांत दोनशेसहासष्ट मिळतात, चौथ्याला दोनशे, पाचव्याला एकशेसाठ, सहाव्याला एकशेतेहतीस. सातव्याच्या वेळी गाण्यांचा वाटा एकशेचौदावर येतो आणि मगच कुणाला तरी भक्तिगीतं सुचतात. खेळाचे ऐंशी तरीही उपाशीच. आठवं, नववं, दहावं पुन्हा गाण्यांकडे जातं, कारण तिथला वाटा अजून ऐंशीच्या वर आहे. अकरावं स्टेशन निघालं की त्याच्यापुढे पहिल्यांदा दोन्ही पारडी सारखी होतात: गाण्यांत ऐंशी, खेळात ऐंशी.

नगरला अकरा स्टेशनं कुठून आणायची!

मढीच्या यात्रेत रेवड्यांची दुकानं एकाला एक लागून असतात. प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असतं की गर्दी इथूनच जाणार, लांब जाऊन वेगळा खाऊ विकण्यापेक्षा या गर्दीतला पाचवा वाटा बरा. रेडिओवाल्याचं गणित तेच. रिक्षावाला जेव्हा वैतागून म्हणतो की सगळे एकच लावतात, तेव्हा तो स्पर्धा नसल्याची तक्रार करत नसतो. स्पर्धा आहे म्हणूनच सगळे एक लावतात.

स्टायनरच्या गणिताची खरी मेख पुढे आहे. याच शहरात तीन स्टेशनं एकाच मालकाची असती तर? तो तिन्हीवर गाणी कशाला लावेल? स्वतःचेच आठशे श्रोते स्वतःच्याच तीन खिशांत वाटून त्याला काय मिळणार? तो एकावर गाणी, दुसऱ्यावर भक्तिगीतं, तिसऱ्यावर खेळ लावेल आणि हजारच्या हजार गोळा करेल. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं हे सोपं करून दिलं. मोठ्या बाजारात एका कंपनीला आठपर्यंत स्टेशनं ठेवता येतात, अगदी लहान बाजारातही पाचपर्यंत, फक्त तिथल्या एकूण स्टेशनांच्या निम्म्याहून जास्त नकोत. त्यातलं एखादं दुबळं स्टेशन खेळाला देऊन टाकलं तरी मालकाचं काही बिघडत नाही.

आपल्याकडे खासगी एफएम परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत नियम होता: एका शहरात एका कंपनीला एकच वाहिनी. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानं तो सैल केला. शहरातल्या एकूण वाहिन्यांच्या चाळीस टक्क्यांपर्यंत एका मालकाकडे चालतील, पण किमान तीन वेगळे मालक हवेत. मुंबईसारख्या शहरात याला अर्थ आहे. चार वाहिन्यांच्या गावात चाळीस टक्के म्हणजे एक पूर्णांक सहा, आणि शून्य पूर्णांक सहा वाहिनी चालवता येत नाही. पुन्हा एका मालकाला एकच. ज्याच्याकडे एकच दुकान आहे तो गर्दीचाच माल ठेवणार.

हा नियम मूर्खपणाचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एका गावातले सगळे आवाज एका हातात गेले तर खेळाचं स्टेशन मिळेल आणि बाकी बरंच हातचं जाईल. पण या नियमाची किंमत कोण चुकवतं, ते रिक्षातल्या सेटवर ऐकू येतं.

आता कायद्याकडे. खासगी रेडिओची वाट आपल्याकडे मोकळी झाली तीच क्रिकेटच्या भांडणातून. १९९३ च्या हिरो चषकाचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. पुढे धोरणं आली, लिलाव झाले, २००१ च्या जुलैत बंगळुरात रेडिओ सिटी सुरू झालं. त्याच कंपनीचं स्टेशन नगरलाही आलं. आणि क्रिकेटच्या पोटी जन्मलेल्या या रेडिओला घातलेल्या बंधनांत एक असं: बातम्या द्यायच्या नाहीत, द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. खेळाबद्दल माहिती सांगायला हरकत नाही, पण थेट वर्णन नको. म्हणूनच ती निवेदिका दोन गाण्यांच्या मधून धावसंख्या सांगून पळते. ते तिचं कौशल्यही आहे आणि तिची मर्यादाही.

पण २०११ च्या त्याच धोरणात, खेळाच्या माहितीच्या वाक्याला लागून, एक सवलत बसली आहे: स्थानिक स्वरूपाच्या क्रीडास्पर्धांचं थेट समालोचन करता येईल. म्हणजे वाडिया पार्कातला शालेय खो-खोचा अंतिम सामना, भिंगारची टेनिस बॉलची स्पर्धा, गावच्या जत्रेतल्या जंगी कुस्त्या. कायद्यानं दार उघडून ठेवलं आहे. त्यातून आत जायला माणूस हवा, पैसा हवा, आणि इथं गाडी अडते.

माणसाचा खर्च गाण्याच्या खर्चाशी ताडून पाहावा लागतो. २०१० साली कॉपीराइट मंडळानं ठरवलं की रेडिओ स्टेशननं गाण्यांसाठी संगीत कंपन्यांना आपल्या निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या दोन टक्के द्यावेत. शंभर रुपयांच्या जाहिराती आल्या तर दोन रुपयांत दिवसभराची गाणी! इतका स्वस्त कच्चा माल नगरच्या भाजी मार्केटातही मिळत नाही. पुढे २०२० च्या डिसेंबरात हा हिशेब बदलून वाजवलेल्या तासावर आला. त्याला व्यवहारात 'नीडल अवर' म्हणतात. ग्रामोफोनची सुई कधीच गेली, तिचा तास मात्र राहिला. पण मधली दहा वर्षं, म्हणजे नगरसारख्या बाजारात खासगी स्टेशनांनी बस्तान बसवण्याचीच वर्षं, गाणं जवळपास फुकट होतं. अशा वेळी मैदानावर दोन समालोचक, एक तंत्रज्ञ आणि स्टुडिओपर्यंत आवाज पोचवायची सोय यावर कोण खर्च करणार? शिवाय सामना पावसानं गेला, दोन तास उशिरा सुरू झाला किंवा एका डावातच निकालात निघाला, तर जाहिरातदाराला काय सांगायचं? गाणं साडेचार मिनिटांत संपतं म्हणजे संपतं.

जाहिरातदार तरी काय बघून पैसे देतो? मोठ्या शहरांत श्रोत्यांची मोजणी होई. रॅम नावाच्या पद्धतीत निवडक लोक आपण काय ऐकलं ते डायरीत लिहून देत. पण ती मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या चारच शहरांत. नगरच्या कापड बाजारातल्या दुकानदाराची मोजणी साधी असते: गल्ल्यावर बसलेलं असताना गिऱ्हाइकानं 'रेडिओवर ऐकलं' म्हटलं की जाहिरात लागू पडली. शालूच्या, सोन्याच्या, क्लासच्या जाहिरातीला घरातली बाई, आई, मुलगी ऐकायला हवी असते. कुस्ती ऐकणारा गडी दुचाकीच्या शोरूमला चालेल, पण शोरूम किती आणि सराफ किती? या हिशेबात खेळाचे ऐंशी श्रोते आणखी हलके होतात. बायका खेळ ऐकत नाहीत असं समजणं ही मुळात चूकच. पण जाहिरात विकणारा माणूस असल्या चुकांवरच चालतो.

भूगोलही आड येतो. एफएमच्या लहरी दिव्याच्या उजेडासारख्या साधारण सरळ जातात. पृथ्वीचा गोलावा आला की संपल्या. त्याचा एक ढोबळ हिशेब आहे: मनोऱ्याच्या उंचीचं, मीटरमध्ये, वर्गमूळ काढा आणि चारनं गुणा, आलं ते किलोमीटर. मनोरा शंभर मीटरचा धरला तर चाळीस किलोमीटर. चाळीस किलोमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ पाच हजार चौरस किलोमीटर. नगर जिल्हा सतरा हजारांवर, राज्यातला सगळ्यात मोठा. नगरचा आवाज स्वतःच्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही धड पुरत नाही. राहुरीपर्यंत ठीक. श्रीरामपूर रस्त्यानं पासष्ट-सत्तर किलोमीटर, संगमनेर शंभरेक. म्हणजे झहीरचं गाव आणि रहाणेचा तालुका दोन्ही वर्तुळाच्या बाहेर. गंमत अशी की राज्यातलं सर्वोच्च शिखर, कळसूबाई, याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. एवढा उंच खांब देवानं फुकट दिला, पण गावापासून पार टोकाला.

तेव्हा नगरचं खेळ-स्टेशन गणितानं, कायद्यानं, गाण्याच्या भावानं आणि जमिनीच्या गोलाव्यानं अडवलं, असं म्हणून हे प्रकरण संपवता आलं असतं. पण मग एप्रिल-मे महिन्यात इथल्या गावांवरून जो आवाज येतो तो कसला?

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीन-चारला मैदान सुरू होतं. लाल माती, भोवती माणसं, झाडांवरही माणसं. हलगी कडाडते. आणि कडेला टेबलावर माइक घेऊन बसलेला, बहुधा उभा, निवेदक. त्याच्या हातात घड्या पडलेला कागद असतो. एका बाजूला जोडी: कोण कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, कुस्ती कितीची. दुसऱ्या बाजूला नावं आणि आकडे. अमुक सरपंचांकडून एक हजार एक, तमुक किराणा दुकानाकडून पाचशे एक, पुण्याला असलेल्या गावकऱ्यांकडून चांदीची गदा. कुस्ती लागली की तो कागद खाली ठेवतो. "पट काढला... वरून घिस्सा... आवळलाय, आवळलाय... निघाला! निघाला बरं का!" आणि कुस्ती लांबली की पुन्हा कागद उचलतो आणि देणगीदारांची नावं घेतो. मल्ल खडाखडीत असले, एकमेकाच्या मानेला हात घालून नुसते फिरत राहिले, की त्या फिरण्याच्या वेळात किराणा दुकानाचं नाव तीनदा जातं.

नीट पाहा, हे पूर्ण रेडिओ स्टेशन आहे. थेट प्रक्षेपण आहे, जाहिराती आहेत, जाहिरातीची वेळ मंद खेळाला बांधलेली आहे, आणि जाहिरातदाराला आपलं नाव कुणी ऐकलं हे डोळ्यांनी दिसतं. रॅमची डायरी नको. ध्वनिक्षेपकाचा आवाज पोचतो तेवढं त्याचं वर्तुळ. आणि या धंद्यात मागणीही आहे. पश्चिम महाराष्ट्रातले शंकर पुजारी यांच्यासारखे निवेदक केवळ माइकवर नाव कमावून आहेत. मैदानाच्या जाहिरातीत मल्लांच्या खाली निवेदकाचंही नाव छापतात, कारण तो येणार म्हटलं की माणूस येतो. टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्येही हेच: षटकार गेला की माइकवरून कुणा नेत्याचं पाचशेचं बक्षीस जाहीर होतं. सहा धावा फलंदाजाच्या, नाव नेत्याचं.

पण निवेदक आणि रेडिओचा समालोचक हे दोन वेगळे कारागीर आहेत, हे इथं सांगायला हवं. निवेदकापुढचा माणूस पाहत असतो. त्याला पेटवायचं असतं. रेडिओचा श्रोता आंधळा असतो. त्याला दाखवायचं असतं. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन रुजवलं, तेव्हा त्यांना हे दाखवण्याचं काम अख्ख्या मराठी मुलखासाठी करावं लागलं. क्षेत्ररक्षक कुठं उभा, चेंडू कुणीकडे वळला, सावली कुठवर आली. वि. वि. करमरकरांसारख्या क्रीडापत्रकारांनीही तो माइक हाताळला. कुस्तीचा निवेदक "आवळलाय" म्हणतो तेव्हा काय आवळलं हे तो सांगत नाही, सांगायची गरजच नाही. तोच आवाज जसाच्या तसा रेडिओवर टाकला तर सावेडीतल्या माणसाला हलगी आणि आरडाओरडा ऐकू येईल, कुस्ती नाही. धोबीपछाड, कलाजंग, ढाक, एकलंगी: हे शब्द ज्याला डोळ्यापुढे दिसतात त्याच्यासाठीच ते वर्णन आहेत. त्या शब्दांतून अनोळखी श्रोत्याला कुस्ती दाखवणारा माणूस घडवायला एखाद्या स्टेशनला चार-पाच हंगाम घालवावे लागतील. अमेरिकेतली स्टेशनं ते करतात. इथं कुणी करावं, याचा हिशेब वर झालाच.

२०२५ साली या जिल्ह्यात एक अजब योग आला. २९ जानेवारी ते २ फेब्रुवारी महाराष्ट्र केसरी स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कात झाली. पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ सोलापूरच्या महेंद्र गायकवाडला हरवून केसरी झाला. आणि दोन महिने होण्याच्या आत, मार्चअखेरीस, कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली. कुस्ती संघटनेत दोन तट पडलेले. एका तटाची स्पर्धा नगरला, दुसऱ्याची कर्जतला. तिथं सोलापूरचा वेताळ शेळके केसरी झाला. एकाच जिल्ह्यात, एकाच उन्हाळ्याच्या तोंडाशी, दोन गदा.

वाडिया पार्कात गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पाठ टेकली की नाही, यावरून वाद पेटला. हरलेल्या मल्लानं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम कुस्तीही पंचाच्या निर्णयावरून वादात संपली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. पुढचे आठ दिवस गावागावांत, सलूनमध्ये, एसटीत, दूध संकलनाच्या रांगेत एकच विषय: दोन्ही खांदे लागले होते का? फोन पुढे करून, चित्र थांबवून, बोटानं खांदा दाखवून माणसं भांडत होती. डब्ल्यूएफएएनसारख्या स्टेशनला असा एक खांदा मिळाला तर ते महिनाभर जगतं. पंच, माजी मल्ल, वस्ताद, चिडलेला श्रोता, त्याहून चिडलेला दुसरा श्रोता. आणि कायद्याच्या नजरेनं पाहा: राज्यस्तरीय स्पर्धा ही 'स्थानिक स्वरूपाची' का? स्पर्धा राज्याची, मैदान नगरचं. वाडिया पार्कातला माइक शहरातल्या स्टुडिओपासून काही किलोमीटरवर, आणि मध्ये हा एक शब्द.

क्रिकेटनं मात्र त्याआधीच सगळ्यांना वळसा घातला होता. २०२३ साली आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिसलं, आणि त्यात मराठी समालोचनही आलं. ज्याला मराठीत सामना ऐकायचा त्याला आता मनोरा, वर्गमूळ, चाळीस टक्के यांच्याशी काही देणंघेणं राहिलं नाही. फोनमधला एफएम तर आणखी विचित्र रीतीनं गेला. त्याला अँटेना म्हणून इअरफोनची वायर लागते, आणि फोनला वायर खुपसायचं भोकच नाहीसं झालं. त्याच साली केंद्र सरकारनं फोनमधला एफएम बंद ठेवू नका म्हणून कंपन्यांना सूचना काढली. सूचनेनं भोक काही परत आलं नाही.

मध्यंतरी एका जत्रेच्या मैदानावर होतो; गावाचं नाव राहू दे. मातीच्या कडेला, देणगीदारांच्या खुर्च्यांच्या पुढे, तीन तिपाया रोवलेल्या होत्या. प्रत्येकीवर फोन, प्रत्येक फोनमागे विशी-पंचविशीतला एक पोरगा. तिघांची तीन यूट्यूब चॅनेलं, तिघांचंही थेट चालू. एकानं ध्वनिक्षेपकवाल्याला आधीच गाठून त्याच्या मशिनातून वायर काढून घेतली होती, त्यामुळे निवेदकाचा आवाज त्याच्याकडे स्वच्छ जात होता. बाकी दोघांना हवेतला आवाज, हलगीसकट. ते दोघे वायरवाल्याकडे ज्या नजरेनं बघत होते, तीत मला त्या परदेशी स्टेशनांची निवेदक फोडाफोडी दिसली. एकाच्या फोनवर सहाशे जण बघत होते, दुसऱ्याच्या चारशे. खाली संदेश धावत होते: कुवेतवरून राम राम, तळेगावहून, चाकणच्या कंपनीतून, शेवटची कुस्ती कितीला लागणार. वायरवाल्यानं निवेदकाच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पुढच्या खडाखडीत किराणा दुकानाच्या जोडीला त्याच्या चॅनेलचं नावही माइकवरून गेलं. दुसऱ्या दोघांनी लगेच खिशातून पाचशेची नोट काढून टेबलाकडे धाव घेतली.

निवेदकानं नोटा घेतल्या, कागदावर दोन नावं लिहिली, आणि पुढची जोडी पुकारायच्या आधी माइकवर म्हणाला, "चॅनेलवाल्यांनी जरा खाली बसून घ्या. मागच्यांना दिसत नाही."